रुग्णालयातील जोखमीच्या कर्मचाऱ्यांची कोरोना तपासणी: स्वॅब कधी, रक्त कधी आणि निकाल कसा वाचायचा

लाटा ओसरल्या, पण विषाणू आपल्यातच आहे. २०२३च्या डिसेंबरात सिंधुदुर्गात जेएन.१ या ओमायक्रॉनच्या उपप्रकाराचा रुग्ण सापडला, २०२५च्या मे महिन्यात मुंबई-ठाण्याकडे आकडे पुन्हा चढले. असे झाले की रुग्णालयांत तेच प्रश्न नव्याने उभे राहतात. तपासायचे कोणाला, चाचणी कोणती करायची, आणि निगेटिव्ह आलेल्या माणसाला ड्यूटीवर घ्यायचे का? संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर, मेट्रन, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि प्रशासनातले लोक यांना तपासणीची फेरी नीट लावता यावी, म्हणून हे लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. नाका-घशातला स्वॅब सांगतो, आज या माणसाच्या श्वसनमार्गात विषाणू आहे का. रक्तातल्या अँटीबॉडी सांगतात, या शरीराची विषाणूशी किंवा लशीशी कधी गाठ पडली होती का. कामावर यायचे की घरी थांबायचे, हे फक्त स्वॅबवर ठरते. अँटीबॉडी पॉझिटिव्ह म्हणून कोणाला मास्कची सूट देऊ नका आणि निगेटिव्ह म्हणून कोणाला घरी बसवू नका. पुढचे सगळे याच फरकावर उभे आहे.

यादी पदावरून नको, कामावरून करा

हजेरीपटावरून यादी काढली की डॉक्टर आणि परिचारिका येतात, बाकीचे सुटतात. म्हणून पद बाजूला ठेवून काम विचारा. रुग्णाच्या तोंडापासून एक मीटरच्या आत, एकूण पंधरा मिनिटे किंवा जास्त वेळ कोण असते? श्वासनलिकेत नळी टाकताना, सक्शन करताना, ब्रॉन्कोस्कोपीला (दुर्बिणीने श्वासनलिका तपासताना), बायपॅपवरच्या (मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरच्या) रुग्णापाशी कोण उभे असते? या दुसऱ्या गटात वेळ मोजत बसू नका. एन-९५ मास्क नसताना काही मिनिटांचा संपर्कही तिथे पुरेसा धरा.

असे विचारले की यादी बदलते. अतिदक्षता विभागातल्या मावशी, स्ट्रेचर ओढणारे मामा, रुग्णवाहिकेचा चालक आणि त्याच्याबरोबरचा मदतनीस, कॅज्युअल्टीच्या दारावरचा सुरक्षारक्षक, केसपेपरच्या खिडकीवरचा कारकून, क्ष-किरण तंत्रज्ञ, दंतविभागातले सहायक, शवागारातले कर्मचारी. यातले बरेचसे कंत्राटी असतात. त्यांची नावे ठेकेदाराकडे असतात आणि दर महिन्याला बदलतात, तेव्हा यादी त्या आठवड्याच्या पाळीपत्रकावरून काढा. ठेकेदाराने दिलेला आकडा आणि प्रत्यक्ष पाळीवर दिसणारी माणसे जुळवून पाहा. बहुतेक वेळा फरक निघतो.

पगाराचा प्रश्न स्वॅबच्या आधी मिटवा. पॉझिटिव्ह आलो तर रोजंदारी बुडणार, हे ज्याला ठाऊक आहे तो लक्षणे लपवणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पॉझिटिव्ह आल्यास रजा पगारी राहील, कंत्राटी कामगारालाही, असे लेखी परिपत्रक निघाल्याशिवाय फेरी सुरू करू नका. तपासणीची सगळी अचूकता या एका कागदावर अवलंबून आहे, कारण जो आलाच नाही त्याला कोणतेही किट पकडू शकत नाही.

प्रत्येकाला एक संकेतांक द्या. नाव आणि संकेतांक यांची जोडणी एकाच वहीत ठेवा, ती वही कुलुपात ठेवा. निकाल ज्याचा त्याला फोनवर किंवा समक्ष सांगा. वॉर्डच्या व्हॉट्सॲप गटावर पॉझिटिव्हची यादी टाकण्याची सवय आधी मोडा.

कोणत्या दिवशी

लक्षणे असतील तर त्याच दिवशी. ताप, घसा दुखणे, खोकला, अंगदुखी, अचानक वास जाणे यांपैकी काहीही असले तरी अँटिजेन (विषाणूची प्रथिने शोधणारी झटपट चाचणी) लगेच करा, ती निगेटिव्ह आली तर आरटी-पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी). पावसाळ्यात आपल्याकडे इन्फ्लुएन्झाही जोरात असतो, म्हणून शक्य असेल तर दोन्ही विषाणू एकत्र शोधणारे मल्टिप्लेक्स किट वापरा.

लक्षणे नसताना संपर्क आला असेल तर घाई नुकसान करते. संपर्काच्या दुसऱ्याच दिवशी घेतलेला स्वॅब जवळजवळ वाया जातो, कारण विषाणू अजून मोजण्याइतका वाढलेला नसतो. तो निगेटिव्ह येतो आणि माणूस निर्धास्त होऊन जेवणाच्या खोलीत मास्क काढून बसतो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या धोरणात अशा संपर्कांसाठी पाचव्या ते दहाव्या दिवसाची मुदत होती. ओमायक्रॉननंतर आजाराची लागण ते लक्षणे हा काळ कमी झाला आहे, त्यामुळे आता पाचव्या दिवसाच्या आसपास स्वॅब घ्या. तोपर्यंत त्या व्यक्तीला मास्क लावून, रुग्णसंपर्क कमी असलेल्या जागी काम द्या.

गेल्या तीन महिन्यांत ज्याचा निकाल पॉझिटिव्ह आला होता आणि आता ज्याला काही होत नाही, त्याची आरटी-पीसीआर करू नका. मेलेल्या विषाणूचे तुकडे नाकात आठवडेच्या आठवडे सापडतात. अशा निकालावर कर्मचारी पुन्हा घरी बसवला तर पाळीत एक माणूस कमी होतो, संसर्ग मात्र कमी होत नाही.

स्वॅब

तपासणीत सगळ्यात जास्त चुका इथे होतात. यंत्र लाखोंचे असते, पण त्याच्यापर्यंत पेशीच पोहोचल्या नाहीत तर ते काय करणार?

जागा मोकळ्या हवेतली निवडा. व्हरांडा चालेल, वातानुकूलित बंद खोली नको. घेणाऱ्याने एन-९५, चष्मा किंवा फेसशील्ड, गाउन आणि हातमोजे घालावेत, प्रत्येक माणसानंतर हातमोजे बदलावेत. देणाऱ्याने आधी अर्धा तास चहा, पान, तंबाखू, गुटखा काही घेतलेले नसावे. जेवणानंतर लगेच बोलावू नका, घशाला स्वॅब लागला की उलटी होते. नाकाचे अलीकडे ऑपरेशन झाले आहे का, वारंवार घोळणा फुटतो का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हे विचारून घ्या.

व्हीटीएमची (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रवाची) नळी उजेडात धरून पाहा. आत साधारण ३ मिली गुलाबी-लालसर द्रव असतो. पिवळा पडलेला किंवा गढूळ द्रव असेल तर नळी फेकून द्या: आम्लता बिघडली आहे किंवा जंतू वाढले आहेत. संकेतांक, तारीख, वेळ हे स्वॅब घेण्याआधी नळीवर लिहा आणि त्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्या. दहा नळ्या घेऊन झाल्यावर एकदम लेबले चिकटवली की अदलाबदल होते, आणि ती नंतर कोणालाही सापडत नाही.

स्वॅब नायलॉन किंवा डॅक्रॉनचा, प्लास्टिकच्या दांडीचा घ्या. लाकडी दांडी आणि कॅल्शियम अल्जिनेट पीसीआरच्या रसायनांना अडथळा करतात.

आधी घसा. जीभ दाबणीने खाली दाबा, दोन्ही टॉन्सिल आणि मागची भिंत जोर देऊन घासा. जीभ, दात, हिरड्या यांना स्वॅब लागू देऊ नका. मग दुसऱ्या स्वॅबने नाक. डोके मागे टेकवून साधारण ७० अंशांत घ्या, मास्क नाकाखाली पण तोंडावर ठेवा. स्वॅब वरच्या दिशेने, डोळ्याकडे ढकलू नका. नाकाची खालची भिंत टाळूला समांतर मागे जाते, स्वॅब तिच्यावरून सरकवत न्या. प्रौढ माणसात सुमारे ८ ते १० सेंमी आत गेल्यावर मऊ अडथळा लागतो. तिथे काही सेकंद थांबा, हळू फिरवा, फिरवतच बाहेर काढा. डोळ्यांत पाणी आले तर बहुधा जागा बरोबर आहे. दोन-तीन सेंमीवरच कडक अडथळा लागला तर नाकाचा पडदा वाकडा असेल. जोर लावू नका, दुसरी नाकपुडी घ्या.

दोन्ही स्वॅब एकाच नळीत टाका, खुणेच्या जागी दांडी मोडा आणि झाकण फिरवून घट्ट बसवा. दांडी लांब राहिली तर झाकण तिरके बसते आणि नळी वाटेत गळते. गळलेला नमुना प्रयोगशाळा घेत नाही.

नमुना २ ते ८ अंश सेल्सिअसला ७२ तासांपर्यंत टिकतो. त्याहून उशीर होणार असेल तर उणे ७० अंश हवेत. वॉर्डमधल्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवू नका. गोठणे-वितळणे झाले की विषाणूचे आरएनए (जनुकीय द्रव्य) तुटते. लस नेण्याचा कॅरिअर, आत जेल पॅक, नळ्या उभ्या आणि तीन थरांचे वेष्टन. कागदपत्रे कॅरिअरच्या आत घालू नका, बाहेरच्या पाकिटात ठेवा.

ज्यांना वारंवार स्वॅब द्यावा लागतो त्यांच्यासाठी गुळण्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने ती विकसित केली आणि २०२१मध्ये आयसीएमआरने तिला मान्यता दिली. सलाइनने १५ सेकंद गुळण्या करून ते पाणी नळीत सोडायचे. नाक दुखत नाही, व्हीटीएम लागत नाही, घेणाऱ्यालाही धोका कमी. तुमची प्रयोगशाळा असे नमुने स्वीकारते का, हे मात्र आधी विचारून घ्या.

वापरलेले स्वॅब, मास्क, गाउन पिवळ्या पिशवीत. प्लास्टिकच्या नळ्या निर्जंतुक करून लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न भेदणाऱ्या डब्यात. टेबलावर १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट, रोज ताजे बनवलेले.

अँटिजेन किट

पंधरा मिनिटांत निकाल हा या चाचणीचा गुण, पण मर्यादाही तितकीच मोठी. १४ जून २०२०ला आयसीएमआरने पहिल्या किटला परवानगी दिली तेव्हा तिची विशिष्टता (बाधित नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचे प्रमाण) ९९.३ ते १०० टक्के आणि संवेदनशीलता (बाधितांना पकडण्याचे प्रमाण) ५०.६ ते ८४ टक्के नोंदवली होती. म्हणजे पॉझिटिव्ह आला तर विश्वास ठेवा. निगेटिव्ह आला तर मात्र शंभर बाधितांतले सोळापासून जवळजवळ पन्नासपर्यंत निसटू शकतात. म्हणून लक्षणे असलेल्याचा निगेटिव्ह अँटिजेन अंतिम मानू नका. आरटी-पीसीआर मिळत नसेल तर ४८ तासांनी अँटिजेन पुन्हा करा. लक्षणे नसलेल्या संपर्कात ४८-४८ तासांच्या अंतराने तीन वेळा केल्यावर थोडाफार भरवसा येतो.

किट कशाने बिघडते ते पाहा. बहुतेक किट २ ते ३० अंशांत ठेवायची असतात. विदर्भात मे महिन्यात मांडवाखाली ठेवलेला खोका दुपारपर्यंत चाळिशी पार करतो, आणि त्यानंतर आलेल्या निगेटिव्हना काही किंमत उरत नाही. खोका आत ठेवा, पंचवीसेक किट घेऊन बाहेर या. फ्रिजमधून काढलेले किट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच फोडा. कोकणातल्या पावसाळ्यात उलटी अडचण: पाकीट आधीच फोडून ठेवले की पट्टी दमट होते आणि द्रव नीट चढत नाही. स्वॅब हातात असतानाच पाकीट फोडा.

स्वॅब किटमधलाच वापरा. व्हीटीएममधला द्रव, साधे पाणी किंवा दुसऱ्या कंपनीचे बफर पट्टीवर टाकू नका, त्याने खोटी रेषा उमटते. स्वॅब बफरमध्ये पत्रकात सांगितले तितके वेळा फिरवा, नळीच्या भिंती दाबून पिळून काढा, सांगितलेले थेंब मोजून टाका. थेंबात बुडबुडा असेल तर तो मोजू नका. घड्याळ लावा. पंधरा मिनिटांच्या आत वाचला तर फिकी रेषा दिसत नाही, तीस मिनिटांनंतर वाचला तर सुकण्याने राखाडी सावली उमटते आणि ती पॉझिटिव्ह वाटते. सी (कंट्रोल, म्हणजे किट चालते का ते दाखवणारी) रेषा नाही तर चाचणी बाद, टी (टेस्ट, म्हणजे निकालाची) रेषा कितीही ठळक असो. वेळेत दिसलेली टी रेषा कितीही फिकी असली तरी पॉझिटिव्ह. पट्टी उजेडाकडे तिरकी धरून दोघांनी पाहावी.

आरटी-पीसीआरचा निकाल

सीटी म्हणजे कितव्या आवर्तनात विषाणूचा जनुकीय अंश दिसला तो आकडा. कमी आकडा म्हणजे जास्त विषाणू. आयसीएमआरने पॉझिटिव्हसाठी ३५ची मर्यादा सुचवली आहे. पण सीटीवरून आजार किती बळावेल हे ठरवू नका, आणि दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवू नका. किट बदलले, जनुक बदलले किंवा स्वॅब उथळ घेतला की आकडा सरकतो. ३३-३४चा एकटा निकाल संसर्गाच्या सुरुवातीचाही असू शकतो आणि शेवटचाही. २४ ते ४८ तासांनी पुन्हा नमुना घ्या: आकडा उतरला तर सुरुवात आहे, चढला किंवा निगेटिव्ह झाला तर शेवट.

प्रयोगशाळेकडून आणखी एक आकडा मागा: मानवी जनुकाचे अंतर्गत नियंत्रण, म्हणजे आरनेज-पी किंवा बीटा-ॲक्टिन. ते उमटले नसेल तर स्वॅबवर माणसाच्या पेशीच नव्हत्या. असा निकाल निगेटिव्ह म्हणून आला तर तो बाद धरा आणि पुन्हा बोलवा. एकाच केंद्रातून असे नमुने वारंवार येत असतील तर तिथल्या स्वॅब घेणाऱ्याला पुन्हा प्रशिक्षण द्या.

उलट प्रकारही होतो. एका दिवसाच्या, एकाच टेबलावरच्या आठ-दहा नमुन्यांचे निकाल एकदम ३४च्या आसपास पॉझिटिव्ह आले, लक्षणे कोणालाच नाहीत: आधी दूषितपणाचा संशय घ्या. जोरदार पॉझिटिव्ह नमुना त्यांच्या शेजारी होता का ते विचारा आणि सगळ्यांचे ताजे नमुने पाठवा.

खर्च वाचवण्यासाठी पाच नमुने एकत्र करून तपासण्याची युक्ती मोठ्या सर्वेक्षणात चालते. कोविड रुग्णांची शुश्रूषा करणारे कर्मचारी आणि ज्ञात संपर्क यांच्यासाठी ती नाही, आयसीएमआरने एप्रिल २०२०च्या सूचनेतच त्यांना वगळले होते. एकत्र केल्याने प्रत्येक नमुना पातळ होतो आणि काठावरचे पॉझिटिव्ह हरवतात. नेमक्या ज्या गटात एकही निसटायला नको, तिथे ही काटकसर महागात पडते.

जानेवारी २०२२च्या केंद्राच्या सूचनेप्रमाणे सौम्य रुग्णाचे विलगीकरण पॉझिटिव्ह झाल्यापासून ७ दिवसांनी संपते, शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर. त्यानंतर निगेटिव्ह अहवाल मागू नका. कामावर रुजू झाल्यावर काही दिवस एन-९५ पूर्णवेळ, आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांपासून दूर.

अँटीबॉडी: कशासाठी आणि कशी

एप्रिल २०२०मध्ये आयात केलेली झटपट अँटीबॉडी किट राज्यांना वाटली गेली आणि निकाल जुळेनात म्हणून त्याच महिन्यात आयसीएमआरने ती थांबवली. किटचा दर्जा हा एक भाग झाला. लागणीनंतर आयजीजी प्रकारच्या अँटीबॉडी रक्तात यायला दोन ते तीन आठवडे लागतात, त्यामुळे निदानासाठी हे हत्यार मुळातच उशिराचे. मे २०२०मध्ये पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) कोविड कवच एलायझा (प्रयोगशाळेत करायची अँटीबॉडी चाचणी) तयार केली, ती सर्वेक्षणांसाठी, आणि तिथे ती उपयोगी पडली. राष्ट्रीय पाहणीत डिसेंबर २०२०-जानेवारी २०२१मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांत २५.७ टक्के पॉझिटिव्ह होते. लसीकरण सुरू झाल्यावर जून-जुलै २०२१च्या पाहणीत हाच आकडा ८५.२ टक्के झाला.

आज स्पाइक (विषाणूच्या पृष्ठभागावरच्या) प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी जवळजवळ सगळ्यांत सापडतील, म्हणून एकटी ती चाचणी करून हाती काही लागत नाही. न्यूक्लिओकॅप्सिड या विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धच्या अँटीबॉडी मागा. कोविशील्डमध्ये फक्त स्पाइक आहे, त्यामुळे ती घेतलेल्याच्या रक्तात न्यूक्लिओकॅप्सिडची अँटीबॉडी दिसली तर संसर्ग झाला होता असे म्हणता येते. कोव्हॅक्सिन हा आख्खा निष्क्रिय विषाणू, ती दोन्ही प्रकारच्या अँटीबॉडी तयार करू शकते. म्हणून रक्ताच्या अर्जावर लशीचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहिलीच पाहिजे. आणि न्यूक्लिओकॅप्सिडच्या अँटीबॉडी काही महिन्यांत ओसरतात, तेव्हा निगेटिव्ह म्हणजे कधीच झाला नव्हता असे नाही.

यावर उपाय जोडनमुन्यांचा. फेरीच्या सुरुवातीला एक रक्तनमुना, तीन-चार महिन्यांनी दुसरा. पहिला निगेटिव्ह आणि दुसरा पॉझिटिव्ह, मधे डोस नाही: त्या काळात संसर्ग झाला, कळला असो वा नसो. पहिल्या नमुन्याचा एक वाटा उणे २० अंशांत ठेवून दोन्ही एकाच प्लेटवर चालवा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या किटवर आलेले आकडे वजा करू नका. एकक बीएयू/मिली (अँटीबॉडी मोजण्याचे प्रमाणित एकक) छापलेले असले तरी किट-किटांत फरक राहतो.

रक्त ३ ते ५ मिली, पिवळ्या किंवा लाल झाकणाच्या नळीत. अर्धा तास उभी ठेवून गुठळी बनू द्या, मग दहा मिनिटे सेंट्रिफ्यूज. घाईने सुई ओढली किंवा नळी जोरात हलवली की सीरम लालसर होते, ते टाकून पुन्हा घ्या. वेगळे केलेले सीरम काही दिवस २ ते ८ अंशांत चालते, पुढे गोठवा. दोन-तीन छोटे वाटे करून ठेवले की पुन्हा पुन्हा वितळवावे लागत नाही. हा डेटा पुढे प्रसिद्ध करायचा विचार असेल तर नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि लेखी संमती पहिल्या सुईच्या आधी हवी.

आकडे वाचताना गणित करा. २०० कर्मचाऱ्यांपैकी खरोखर १० जणांना संसर्ग झालेला आहे, किटची संवेदनशीलता ९० टक्के, विशिष्टता ९८ टक्के. दहापैकी ९ पकडले जातील. उरलेल्या १९०पैकी २ टक्के, म्हणजे सुमारे ४ जण खोटे पॉझिटिव्ह येतील. हातात १३ पॉझिटिव्ह, त्यांतले ४ चुकीचे. म्हणून वेगळ्या तत्त्वावरच्या दुसऱ्या किटवर पुन्हा तपासा. लहान विभागाचे टक्केही जपून बोला: ६० पैकी १२ म्हणजे २० टक्के, पण ९५ टक्के विश्वासमर्यादा साधारण १२ ते ३२ आहे. शेजारच्या विभागात २७ टक्के निघाले म्हणून तिथली सिस्टर निष्काळजी ठरत नाही.

विभागवार आकड्यांचा खरा उपयोग जागा शोधण्यासाठी. नव्याने पॉझिटिव्ह झालेल्यांचा पुंजका सापडला की त्या काळातले पाळीपत्रक काढा. कोण कोणाबरोबर होते, कपडे कुठे बदलले, डबा कुठे उघडला? बरेचदा धागा रुग्णाच्या खाटेपाशी न जाता चहाच्या खोलीत किंवा कपडे बदलण्याच्या बंद खोलीत जातो, कारण खाटेपाशी सगळे मास्क लावतात आणि चहाला काढतात. त्या खोलीची खिडकी उघडते का, एक्झॉस्ट चालू आहे का, एका वेळी किती जण बसतात, हे बघून तिथेच बदल करा, आणि दुसऱ्या दिवशीच्या पाळीपासून जेवणाच्या वेळा दोन गटांत वाटा.